ओन्नीने मागून नेलेली बंदूक

मित्रांनो, बंदूक थकते का, असं तुम्ही विचाराल. थकते. मी एक जुनी बंदूक आहे, सत्तरी ओलांडलेली, आणि सध्या एका लोखंडी कपाटात कुलपाआड उभी आहे. गोळ्या झाडून काही मी थकले नाही. तशा मी फारशा झाडल्याच नाहीत. वर्षाला दोन, फार तर तीन. मला थकवलं ते माणसांच्या बोलण्यानं. 'बंदूक हवी कशाला?' हा एकच प्रश्न मी इतक्या वर्षांत इतक्या तोंडांनी ऐकला, की आता कुणी तो काढला तर माझ्या अंगावर जणू गंज चढतो.

माझा जन्म अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एका मोठ्या कारखान्यातला. नळी पोलादाची, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. चापाभोवती एक कडी आहे; ती खाली ओढून पुन्हा वर घेतली की काडतूस आपोआप जागेवर बसतं. माझ्यासारख्या लाखो बहिणी तिथून बाहेर पडल्या, तेव्हा कुळाचा गर्व करावा असं माझ्यात काही नाही. आगगाडीनं मी सुपीरियर सरोवराच्या काठी आले आणि एका अवजारांच्या दुकानात करवतींच्या शेजारी उभी राहिले.

तिथून मला एमिलनं घेतलं. एमिल जंगलात झाडं तोडायच्या कामावर होता. त्याचे आईवडील फिनलंडहून आलेले. त्या गावात बहुतेक सगळे तसेच. माणूस कष्टाळू, बोलणं मोजकं. दुकानदारानं सहज विचारलं, "कशाला हवी रे बंदूक?"

एमिल म्हणाला, "घरात सहा माणसं आहेत."

एवढंच उत्तर. दर नोव्हेंबरला मी एक हरीण मिळवून दिलं की घराला मार्चपर्यंत मांस पुरायचं. पहिला घास घ्यायच्या आधी एमिल मान खाली घालून देवाचे आभार मानायचा, आणि मला वाटायचं, त्यातला कणभर वाटा माझाही असेल. तो माझी काळजी फार घ्यायचा. कडाक्याच्या थंडीतून आणलेली बंदूक एकदम उबेत ठेवली तर तिला घाम फुटतो आणि त्या घामानं गंज धरतो. म्हणून तो मला आधी पडवीत ठेवायचा, सावकाश उबेला आणायचा, मग तेलाच्या चिंधीनं पुसायचा. मुलगा वाइनो चौदा वर्षांचा झाला तेव्हा एमिलनं मला त्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, "ही कधीच रिकामी नसते. रिकामी दिसली तरी भरलेलीच समजायची."

वाइनोनं ते सांगणं पाळलं. बापाच्या माघारीही पडवीतल्या हरणाच्या खुरांच्या खुंट्यांवर माझी जागा कायम राहिली, काडतुसं निराळ्या खोलीत, फडताळात. कपाट नव्हतं, कुलूप नव्हतं. त्या गावात कुणाकडेच नसायचं. हीच ती चूक, मित्रांनो, आणि ती एकट्या वाइनोची नव्हती. चोरापासून कुलूप लावायचं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरातल्याच माणसाला कधी कुलपाची गरज पडेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

वाइनोची बायको सेल्मा. तिनं मला एकदाच हातात घेतलं, सफरचंदाच्या झाडाखाली अस्वल आलं होतं तेव्हा. आभाळात एक बार काढला, अस्वल पळालं, आणि सेल्मा तासभर पायरीवर हसत बसली. ही बाई गेल्या ऑगस्टमध्ये देवाघरी गेली. तीन आठवड्यांचं आजारपण, आणि संपलं.

सप्टेंबरच्या एका रविवारी, चर्चनंतर, सगळे वाइनोकडे कॉफीला जमले. मुलगी जोलीन आली होती. ती शहरातल्या इस्पितळात नर्स आहे. पुतण्या ट्रॉय होता. आणि शेजारचा ओन्नी, वाइनोचा चाळीस वर्षांचा शिकारीतला जोडीदार. टेबलावर वेलदोड्याचा गोड पाव कापून ठेवला होता. पडवीचं दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

जोलीननं माझ्याकडे बोट केलं. "बाबा, ती अजून तिथे कशाला? तुम्ही आता एकटे राहता. देऊन टाका कुणाला तरी."

"आजोबांची आहे ती," वाइनो म्हणाला.

"आजोबांचे बूटपण होते, ते टाकलेच ना?"

ट्रॉय लगेच सरसावला. "वा! एकट्या म्हाताऱ्याच्या घरातून बंदूक काढून घ्या. उद्या चोर शिरला तर काका काय पाव फेकून मारणार?"

"चोर? ट्रॉय, या गावात शेवटची चोरी झाली ती तुझ्या सायकलची. आणि ती तूच विसरून आला होतास."

ओन्नी खोखो हसला. ट्रॉय लाल झाला. "हसा, ओन्नीकाका, हसा. बंदूक ठेवणं हा आपला हक्क आहे, जोलीन. कायद्यानं दिलेला. आज बंदूक दे म्हणशील, उद्या कुऱ्हाड, परवा स्वयंपाकाची सुरी."

"इस्पितळात गोळी लागलेली माणसं येतात ना, त्यांना मी हक्क विचारत बसत नाही. रक्त थांबवते."

"शहरातली माणसं ती!"

"माणसंच ना?"

मग जे सुरू झालं ते मी शब्दन् शब्द आधी ऐकलेलं होतं. पोटासाठी, रक्षणासाठी, बापाची आठवण म्हणून, हक्क म्हणून, नुसती भीती म्हणून. प्रत्येकाचं थोडं खरं होतं. ट्रॉयनं टेबलावर मूठ आपटली. जोलीनच्या डोळ्यांत पाणी आलं. ओन्नी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत "अरे, जाऊ द्या रे" म्हणत राहिला.

आणि वाइनो केव्हा उठून गेला हे कुणाला कळलंसुद्धा नाही. त्याच्या बशीतला पाव तसाच होता. सगळे माझ्याविषयी बोलत होते, त्याच्याविषयी कुणीच नाही. मला तोंड असतं तर मी ओरडले असते, 'अरे, मला सोडा! त्याच्याकडे बघा!'

जोलीन रागावून शहरात परत गेली. आठवड्यातून एकदा फोन करायची. वाइनो "बरा आहे" म्हणायचा. ऑक्टोबर आला. दरवर्षी या दिवसांत तो मला खाली काढून पुसायचा, चाप तपासायचा. यंदा त्यानं हात लावला नाही. दाढी वाढली. टपाल दाराशी साठलं. सकाळी भरलेला कॉफीचा पेला संध्याकाळी तसाच भरलेला असायचा. आणि शनिवारी सॉना पेटेनाशी झाली. ही आमच्याकडची वाफेची न्हाणी. अंगणातली एक लाकडी खोली, आत चुलीवर तापलेले दगड. घरात लग्न असो की मयत, शनिवारी सॉना पेटते म्हणजे पेटतेच. हे व्रतच म्हणा ना. शेजाऱ्याच्या धुराड्यातून शनिवारी धूर निघाला नाही, तर त्या घरात काही ठीक नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमारास, वाइनो पडवीत आला. त्यानं मला खुंट्यांवरून काढलं. मला वाटलं, चला, आठवण झाली. पण हातात चिंधी नव्हती, तेलाची बाटली नव्हती. मला घेऊन तो स्वयंपाकघरात टेबलाशी बसला आणि मला मांडीवर आडवं ठेवलं. समोर काडतुसांचा डबा. उघडला नव्हता.

मित्रांनो, पन्नासहून जास्त वर्षं मी या हातांत राहिले आहे. हे हात मला हरणामागे कसे धरतात, साफ करताना कसे धरतात, सगळं मला ठाऊक. या दुपारचं धरणं निराळं होतं. त्याला जगायचा कंटाळा आला होता, आणि मी त्याच्या मांडीवर होते. मी लोखंड आहे. मला नाही म्हणता येत नाही. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर गाडी थांबली. दार न वाजवताच ओन्नी आत आला, बुटांवरचा बर्फ झटकत. टेबलाकडे एकदा बघितलं. चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. खुर्ची ओढून समोर बसला.

"वाइनो, एक काम होतं," तो म्हणाला. "माझ्या बंदुकीचा चाप बिघडलाय. यंदापुरती तुझी दे."

आता हे बोलणं साधं नव्हतं. आमच्याकडे पंधरा नोव्हेंबरला शिकार सुरू होते. शाळांनासुद्धा सुट्टी असते. त्या दिवशी दुसऱ्याची बंदूक मागायची म्हणजे लग्नाच्या दिवशी दुसऱ्याचे कपडे मागून घालायचे. आणि ओन्नीसारखा नेमबाज मागतोय! वर्षभर गाव हसलं असतं.

वाइनोनं खिडकीतून बाहेर बघितलं. गाडीच्या मागच्या काचेशी ओन्नीची बंदूक टांगलेली होती, लखलखीत.

"ती कोणाची मग?"

"ती... तीच. बिघडलीय ती."

वाइनो म्हणाला, "चाळीस वर्षांत तू पहिल्यांदाच खोटं बोलतोयस, आणि तेही तुला धड जमत नाही."

"नाही जमत," ओन्नी म्हणाला. "दोन शनिवार झाले तुझी सॉना पेटलेली नाही. दारातून आलो तर तू हा असा बसलेला. मला घाम फुटलाय, लेका." त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली. आवाज हळू केला. "सरळ विचारतो, सरळ सांग. जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?"

मला वाटलं, वाइनो उसळेल. पण तसं झालं नाही. असं सरळ कुणी विचारायची तो केव्हापासून वाट बघत असावा.

"आज होतं," तो म्हणाला. आणि मग त्याचे खांदे गदगदू लागले.

ओन्नी उठला नाही, समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या नाहीत. नुसते दोन्ही हात पुढे केले. वाइनोनं मला उचललं, कडी ओढून आत काडतूस नाही हे दाखवलं, बापानं शिकवलं होतं तसं, आणि मला त्या हातांवर ठेवलं. डबाही सरकवला. ओन्नीनं मला आणि डब्याला गाडीत नेऊन कुलूप घातलं. मग आत जाऊन जोलीनला फोन लावला. पुढे काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं ओन्नी लाकडांचा भारा घेऊन सॉनाकडे जाताना मात्र दिसला.

जोलीन त्याच संध्याकाळी पोहोचली. ओन्नी सांगत होता, तिनं बापाला एका शब्दानं बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेली, आणि मग महिनाभर घरीच राहिली.

पंधरा तारखेच्या आदल्या संध्याकाळी ओन्नी खरोखरच मला घेऊन जंगलातल्या शिकाऱ्यांच्या झोपडीवर गेला. मागून आणलेली बंदूक सोबत न्यायलाच हवी, असा त्याचा हट्ट. वाइनोही आला होता, रिकाम्या हातांनी. ट्रॉयचं लक्ष गेल्याशिवाय कसं राहील?

"काय ओन्नीकाका, म्हातारपणी उसनी बंदूक? आणि काका, तुम्ही काय हरणाला शिट्टी मारून बोलावणार? थांबा, माझ्याकडे एक जास्तीची आहे, ती घ्या."

ओन्नी काही बोलणार, इतक्यात वाइनोच बोलला. "नको, ट्रॉय. यंदा माझ्या हातात बंदूक नको. मी बरा नाही. मीच सांगतोय हे, सगळ्यांदेखत."

रक्षणाच्या, हक्काच्या गोष्टी सांगणारा ट्रॉय क्षणभर काकाकडे बघत राहिला. मग त्यानं आपली जास्तीची बंदूक बाहेर नेऊन गाडीत ठेवली, कुलूप लावलं, परत आला आणि काकाशेजारी बसला. म्हणाला, "काका, उद्या मीही जात नाही बाहेर. पत्ते खेळू. पण तुम्ही लबाडी करता."

"तू खेळतोस वाईट, म्हणून तुला लबाडी वाटते," वाइनो म्हणाला.

त्या वर्षी मी एकही गोळी झाडली नाही. ओन्नीचा नेम चुकला नाही. त्यानं धरलाच नाही.

तेव्हापासून मी ओन्नीच्या या कपाटात आहे. किल्ली जोलीनकडे. वाइनो आता बराच सावरलाय; रविवारी इथे येतो, ओन्नीच्या बायकोच्या हातचं जेवतो, पत्त्यांत ट्रॉयला हरवतो. मागच्या महिन्यात ओन्नीनं विचारलं, "घरी न्यायची का?" तर म्हणाला, "राहू दे. घाई नाही." मलाही नाही, मित्रांनो.

तुमच्यातल्या बहुतेकांच्या घरी माझ्यासारखी कुणी नसेल. असेल तर तिला कुलूप लावा, काडतुसं दूर ठेवा, आणि किल्ली विश्वासाच्या माणसाकडे द्या. पण याहून मोठं मागणं निराळंच आहे. माझ्यावर वाद घालायचा तर खुशाल घाला. तो माझ्या आधीही होता, माझ्यानंतरही राहील. फक्त त्या वादात जेवण टाकून कोण उठून गेलं, ते बघत जा. त्याच्यामागे जा. बोलायला सुचलं नाही तर ओन्नीसारखं काहीतरी मागण्याचं निमित्त काढा. आणि मग न घाबरता सरळ विचारा. विचारल्यानं कुणाच्या मनात नवं काही शिरत नाही. जे आधीच आत असतं, त्याला बाहेर यायला वाट मिळते.