चार बोटे उचललेले नाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी साचा आहे. रत्नागिरीच्या राजिवड्यात, खाडीकाठच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा निवास असतो. मी स्वतः कधी वीतभरही धावलो नाही. परंतु वाऱ्याला कापीत जाणाऱ्या एका देखण्या मोटारीचे अंग माझ्या अंगावर घडले आहे. तिची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. माझे चरित्र मात्र मलाच सांगणे भाग आहे.

माझे जन्मदाते रशीद मिस्त्री. होड्या बांधण्यात त्यांची हयात गेली. पुढे फायबरच्या होड्या आल्या आणि शेडमधील लाकूड तासणाऱ्या वाकसाचा आवाज थांबला. अशा उदास काळी दर्शना नावाची संगमेश्वरची एक इंजिनियर मुलगी नकाशांची गुंडाळी घेऊन दारात उभी राहिली. तिला हाताने घडवलेली एकच वेगवान मोटार बनवायची होती. आधी तिच्या अंगाचा लाकडी साचा करायचा आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून ठोकून बसवायचा, अशी ती रीत होती. ज्या हाताने पाण्याला वाट करून दिली, तो वाऱ्यालाही वाट करून देईल, अशी तिची श्रद्धा होती.

फणसाच्या फळ्या जोडून मला आकार देण्यात आला. मिस्त्री बांबूची पातळ कामटी माझ्या पाठीवर वाकवून बघत. मग डोळे मिटून तळवा फिरवीत. जिथे तळवा अडखळे, तिथे रंधा फिरे. ते सुखाचे दिवस आठवले की आजही माझे लाकूड शहारते.

परंतु मिस्त्रींच्या हातून एक चूक घडली. नकाशात माझे नाक जमिनीलगत होते. पोरीचे चुकले असेल, असे समजून त्यांनी ते मायेने चार बोटे वर उचलले आणि तिला कानोकान कळू दिले नाही. आकार इतका सुबक उतरला होता की दर्शनानेही माप लावले नाही.

पत्रा चढला, इंजिन बसले. पुण्याचे प्रदर्शन पंधरा दिवसांवर आले असता दर्शनाने मोटारीच्या अंगभर लोकरीचे दोरे चिकटवले आणि डोंगरमाथ्याच्या सपाट सड्यावरच्या एका मोकळ्या रस्त्यावर ती पळवून पाहिली. परत आली ती पांढरीफटक होऊन.

"हे काय गो, गाडी नवरीसारखी सजवलीस?" मिस्त्री हसत म्हणाले.

"चाचा, दोरे वारा कुठून जातो ते दाखवतात. नाकाखालचे सगळे फडफडत होते. शंभराच्या पुढे स्टेअरिंग हातात राहत नाही. नाक किती उचललंत?"

मिस्त्रींचे हसू मावळले. "चार बोटं. नाक लाटेवर चढाया नको? साठ होड्या बांधल्या मी. एकीचं नाक कधी बुडालं नाय."

"तेच झालं ना चाचा! होडीनं वर चढायचं, हिनं रस्त्याला चिकटून बसायचं. वारा खाली शिरला की हिची पुढची चाकं हलकी होतात." मग ती हळूच म्हणाली, "पुण्याला मशीनवर नवीन नाक कापून मिळेल. तुम्ही त्रास घेऊ नका."

मित्रांनो, हे मायेचे शब्द करवतीपेक्षा धारदार होते. मशीनचे नाक बसले असते, तर मिस्त्रींचा शेवटचा साचा त्यांचा उरला नसता. ते माझ्याकडे पाठ करून बसले. चहा निवून गेला.

अखेर त्यांच्या पत्नी सकिना दारातून म्हणाल्या, "आवो, नाक गाडीचं कापायचंय, तुमचं नाय. उठा आता."

मिस्त्री उठले. ज्या नाकाचा त्यांना सर्वाधिक अभिमान होता, ते त्यांनी स्वतःच्या करवतीने उतरवले. नवा तुकडा जोडला, नकाशाचे माप लावले आणि डोळे मिटून तळवा फिरवला. आपल्या मनाला न पटलेला आकार त्यांनी तेवढ्याच निष्ठेने गुळगुळीत केला. याहून मोठी कारागिरी मी पाहिलेली नाही.

नवा पत्रा ठोकून झाल्यावर गाडी पुन्हा सड्यावर गेली. शेडमध्ये आम्ही दोघेच उरलो. फोन वाजताच मिस्त्रींनी तो कानाला लावला.

"चाचा, दोरे निजले! सगळेच्या सगळे निजले!"

मिस्त्रींनी फोन खाली ठेवला आणि माझ्या पाठीवर एक थाप मारली.

पुण्यात त्या मोटारीचा मोठा गौरव झाला. पुढे ती दूरदेशी गेली. मी इथेच राहिलो. माझ्यावर मासेमारीची जाळी पडली, कोंबड्यांनी अंडी घातली, एका कुशीला वाळवीने वाट केली. परवा कोणीतरी सकिनांना म्हणाले, "चाची, जागा अडलीय. फोडून टाका की, चुलीला होईल."

मित्रांनो, माझ्यावर जाळी टाका, कोंबड्या बसवा, माझी तक्रार नाही. चकाकणाऱ्या वस्तू तुम्ही सांभाळताच. त्यांच्यामागे अंधारात उभ्या असलेल्या वस्तूलाही वर्षाकाठी थोडे तेल लावत जा. एवढीच माझी विनवणी आहे. कारण मिस्त्रींची नजर आता गेली आहे. रोज दुपारी ते भिंत चाचपत शेडमध्ये येतात आणि माझ्या अंगावरून सावकाश तळवा फिरवतात. त्यांच्या साठ होड्यांपैकी आज एकही उरलेली नाही. तो हात येईल तेव्हा त्याला काहीतरी सापडले पाहिजे.