बिनमिशीचा शेतकरी

नारळाच्या शेंडीची मिशी प्रीतीच्या ओठावर काही केल्या टिकेना. स्वप्नालीनं आधी डिंक लावून पाहिला, मग भाताची शितं चुरडून पाहिली. शेवटी चिकटपट्टीचा बारीक तुकडा आतून लावला तेव्हा कुठं ती बसली. बसते न बसते तोच पोरगी शिंकली आणि मिशी उडून आमटीच्या पातेल्याशेजारी पडली.

"हालू नको म्हटलं की हालायचंच," स्वप्नाली म्हणाली.

"मी न्हाई हालले. नाक हाललं."

शाळेच्या वेषभूषा स्पर्धेत यंदा पहिलीला फळं, दुसरीला पक्षी आणि तिसरीला 'शेतकरी' असा विषय आला होता. वहीत चिकटवून आलेल्या चिठ्ठीत बाईंनी खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, पोशाख भाड्याने आणू नये, घरातल्या वस्तूंतून करावा. ते वाचून बाकीच्या आया वैतागल्या असतील, स्वप्नालीला मात्र स्फुरण चढलं. ती इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याची मुलगी. लहानपण चिंध्यांच्या ढिगात गेलेलं, त्यामुळं टाकून द्यायची वस्तू तिला दिसायचीच नाही. प्रीती पहिलीत असताना तिनं तिला फुलपाखरू केलं होतं, तेही सासूच्या गुडघ्याच्या एक्सरे फिल्मचे पंख लावून. रंग देऊनही डाव्या पंखात वाटी दिसत होती, पण दुसरा नंबर आला होता.

आताही सगळं घरातलंच होतं. धोतर नवऱ्याच्या पांढऱ्या लुंगीचं, फेटा तिच्या डोहाळजेवणाच्या केशरी साडीचा, नांगर टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचा. मिशी तेवढी राहिली होती.

तेवढ्यात शालूबाई, म्हणजे तिची सासू, शेतातून आल्या. गोठ्यासमोर गवताचा भारा टाकला, पाय धुतले आणि दारात उभं राहून त्यांनी नातीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ह्यो कोण?"

"शेतकरी, आज्जी."

"व्हय? कुठला?"

"कुठला म्हंजे?"

"आपल्या गावचा तर न्हवं. आपल्यात कोण धोतर नेसून शेताकडं जातोय? चिखलात दोन पावलं टाकली की सुटंल ते."

असं म्हणून त्यांनी झाकून ठेवलेल्या कपातला चहा बशीत ओतून संपवला आणि म्हशीची धार काढायला गेल्या. त्यात टोमणा नव्हता. शालूबाईंचं बोलणंच तसं होतं, नारळ फोडल्यासारखं.

स्वप्नाली मात्र चिकटपट्टी हातात धरून तशीच बसली. या घरातून शेताकडं जातंय तरी कोण? सासरे जाऊन सहा वर्षं झाली. नवरा विजयसिंह एमआयडीसीतल्या फौंड्रीत, शिफ्ट संपली की झोप, झोप संपली की शिफ्ट. ती स्वतः तण काढायच्या, भांगलणीच्या दिवशी जेवण घेऊन जायची आणि बांधावरूनच परत फिरायची. वीस गुंठे ऊस आणि म्हशीचं गवत एकटं माणूस बघत होतं. ते माणूस या घडीला गोठ्यात बसलं होतं. साडीचा काष्टा खोचलेला, वरून पोराचा जुना चौकडीचा शर्ट, डोक्याला टॉवेल.

"मिशी र्‍हाऊ दे," स्वप्नाली म्हणाली. "तुझा दुसराच शेतकरी करूया."

ठरवलं खरं, पण तिला रात्रभर धाकधूक होती. त्याला कारण होत्या शेजारच्या बयाबाई. तीन वर्षांमागं गौरीच्या रात्री झिम्मा-फुगडी झाल्यावर बायका सोंगं काढत होत्या. बयाबाईंनी पदर खोचला आणि शालूबाईंची चाल करून दाखवली. डाव्या गुडघ्यावर जरा झुकून, कमरेवर हात ठेवून, पुढं मान काढून. सगळी गल्ली लोळून हसली. शालूबाईही हसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बयाबाईंशी बोलणं टाकलं ते आजतागायत. दोन्ही घरांत विरजणाची देवघेव अजून चालू होती, पण वाटी प्रीतीच्या हातून जायची आणि "आज्जीला सांग, विरजण आंबट हुतं" असले निरोपही तिच्याच तोंडून.

बयाबाई निदान शेजारच्या होत्या. सुनेनं तेच केलं तर काय होईल, याचा विचार स्वप्नालीला करवेना. नऊ वर्षांत सासू तिला कधी टाकून बोलली नव्हती आणि कधी 'बरं केलंस' असंही म्हणाली नव्हती. दोघींच्यात एक सरळ वाट होती, तिच्यावरून दोघी जपून चालायच्या. ती वाट बंद झाली तर त्या घरात दिवस काढणं अवघड होतं.

तरी तिनं केलं. रोज शालूबाई शेताकडं गेल्या की ती शिलाई मशीन उघडायची. वाकळ शिवायला ठेवलेल्या जुन्या लुगड्यांतून तिनं एक विटलेलं हिरवं लुगडं काढलं आणि प्रीतीच्या मापानं कापलं. विजयसिंहचा शर्ट दोन्ही बाजूंनी आत घेतला. त्याच्या बाह्या फारच लांब होत्या, म्हणून कोपरापर्यंत दोनदा मुडपून टाके घातले, म्हणजे पोरगी नीटनेटकी दिसेल. रोपवाटिकेतून आलेल्या फाटक्या हिरव्या शेडनेटच्या पट्ट्या कातरून गवताचा भारा झाला. वेफर्सच्या पुड्या उलट्या करून त्यांच्या चंदेरी कागदानं पुठ्ठ्याचं खुरपं मढवलं. ते इतकं खरं दिसलं की विजयसिंहनं त्याच्या धारेवरून बोट फिरवून बघितलं.

मग त्यानं शर्ट बघितला, लुगडं बघितलं आणि बायकोकडं बघितलं.

"आईला केलीयास व्हय हिला?"

"शेतकरी केलाय."

"हात दाखवून अवलक्षण हाय हे."

"आत्ती कुठं येणार हायत शाळेला? कधी आल्यात का?"

"मग बरं," तो म्हणाला आणि त्यानं खुरपं पिशवीत तळाला घातलं.

स्पर्धेच्या दिवशी शाळेच्या सभागृहात तिसरीचे चौदा शेतकरी रांगेत उभे होते. तेरांना फेटे होते, तेरांना मिशा होत्या, त्यांतल्या पाचांच्या आत्ताच लोंबायला लागल्या होत्या. थर्माकोलचे नांगर एकमेकांत अडकून मोडत होते. शेवटी प्रीती उभी होती, डोक्याला टॉवेल, काखेत भारा. शेजारच्या खुर्चीतल्या एका आईनं स्वप्नालीला विचारलं, "तुमच्या मुलीचा ड्रेस यायचाय का अजून?"

उत्तर द्यायला स्वप्नालीनं मान वळवली. मागच्या दारातून विजयसिंह कंपनीच्या कपड्यांत आत येत होता आणि त्याच्या मागं, लग्नाकार्याची इरकल नेसून, शालूबाई.

तिनं नवऱ्याकडं नुसतं बघितलं. त्यानं हनुवटीनं स्टेजकडं दाखवलं. प्रीतीनं सकाळी आजीच्या गळ्यात पडून शाळेला यायचं वचन घेतलं होतं, आणि आई आपणहून गाडीवर बसल्यावर तो बिचारा काय करणार होता? त्यानं आईला शेवटच्या ओळीत बसवलं आणि स्वतः खांबाआड उभा राहिला.

तेरा शेतकऱ्यांनी एकच कविता थोड्याफार फरकानं म्हटली. सगळे जगाचे पोशिंदे होते. मग प्रीतीचं नाव पुकारलं.

पोरगी पडद्याआडून निघाली आणि स्वप्नालीनं खुर्चीचा दांडा घट्ट धरला. प्रीती डाव्या गुडघ्यावर जरा झुकून चालत होती. मान पुढं, एक हात कमरेवर. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. रोज संध्याकाळी ती आजीच्या मागून गोठ्यात जायची, तिथं तिनं ते उचललं असणार. सभागृहात हसू पिकलं. स्टेजच्या मध्यावर येऊन तिनं भारा टाकला, "आई गं" म्हणाली आणि टॉवेलाच्या टोकानं मान पुसली. लोक आणखीच हसले. स्वप्नालीला मागं वळून बघायचा धीर झाला नाही. आता हे घर आपल्याशी प्रीतीमार्फत बोलणार, एवढंच तिच्या मनात आलं.

परीक्षक म्हणून आलेल्या बाई हौशी होत्या. त्या माईक घेऊन पुढं आल्या.

"अरे वा! तू कोण झालीस बाळ?"

"शेतकरी."

"शेतकऱ्याची बायको का?"

"न्हाई. शेतकरी."

"बरं, शेतकरी. मग या शेतकऱ्याचं नाव काय?"

प्रीतीनं दोन्ही हातांनी माईक ओढून तोंडाजवळ घेतला.

"शालन गणपती चौगुले," ती म्हणाली.

सभागृहाचे स्पीकर जुने होते, नाव भिंतींवर आपटून दोनदा ऐकू आलं. स्वप्नालीनंही ते असं अख्खं कधी ऐकलं नव्हतं. गावात त्या गणपाची बायको होत्या, विजाच्या आई होत्या, फार तर शालूबाई. डेअरीत दुधाची पावती अजून सासऱ्यांच्या नावावर फाटत होती. शालन हे नाव रेशनकार्डावर तेवढं होतं, आणि पोरगी हल्ली दिसेल ते वाचत सुटली होती.

"आणि शालनताई काय पिकवतात?"

"ऊस. आणि म्हशीला गवत."

टाळ्या पडल्या, पण नंबर आला नाही. पहिला नंबर राजवीर नावाच्या मुलाच्या बैलगाडीला मिळाला, आणि खरं सांगायचं तर ती बैलगाडी चांगलीच होती, बुटांच्या खोक्यांची असून तिची चाकं फिरत होती. वर्गबाईंनी स्वप्नालीला बाजूला घेऊन सांगितलं, "मेहनत दिसते हो. पण परीक्षकांना विषयाला धरून वाटलं नाही." स्वप्नाली बरं म्हणाली. तिचं लक्ष दाराकडं होतं.

दारात विजयसिंहनं, "शिफ्ट हाय, तुमी बसनं या," एवढं म्हणून गाडीला किक मारली आणि पळ काढला.

बसमध्ये तिघींना एकच लांब बाक मिळाला. प्रीती अजून त्याच पोशाखात, दोघींच्या मधे. शालूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. दसरा चौक गेला, सीपीआर दवाखाना गेला, तरी त्यांची मान वळली नाही. स्वप्नाली मनातल्या मनात शब्द जुळवत होती, आत्ती, थट्टा म्हणून न्हाई केलं, आत्ती, तुमी एकट्या जाता म्हणून.

पुलावर बस थांबली तेव्हा शालूबाईंनी प्रीतीची बाही चिमटीत धरली.

"ह्या बाह्या कुणी मुडपल्या?"

"मी, आत्ती."

"का?"

"लांब हुत्या. बरं दिसावं म्हणून."

"मी ह्यो शर्ट घालतो कशासाठी? हौस म्हणून?" त्यांनी नखानं टाका उसवला. "उसाचा पाला हात कापून काढतोय. बाह्या मुडपून कोण जातंय उसात?"

त्यांनी एक बाही सोडली, मग दुसरी. दोन्ही प्रीतीच्या बोटांवरून खाली ओघळल्या. इरकलीच्या पदराखालून शालूबाईंचं मनगट दिसत होतं, त्यावर बारीक पांढऱ्या रेघा होत्या. ताट वाढताना, चहाचा कप घेताना ते मनगट स्वप्नालीनं रोज बघितलं होतं. तिला लाज वाटली, अगदी पोटातून.

"चुकलं, आत्ती."

"चुकलं तर चुकलं." शालूबाईंनी नातीच्या गळ्याचं वरचं बटण लावलं. "टावेल बराबर बांधला हुतास. गाठ मागं."

स्वप्नालीनं प्रीतीच्या मांडीवर पडलेले टाक्यांचे दोरे वेचले.

बस पुढं निघाली. शालूबाई पुन्हा खिडकीकडं वळल्या. तोंड बाहेरच ठेवून त्या प्रीतीला म्हणाल्या,

"त्या बाईनं इचारलं तवा काय म्हणालीस गं?"

"शेतकरी."

"त्ये न्हवं. फुडचं."

"शालन गणपती चौगुले."

"एवढ्या हळू कशाला म्हणतीस? माईकात म्हणालीस तसं म्हण की."

प्रीतीनं आईकडं बघितलं. स्वप्नालीनं मान हलवली. मग पोरगी बाकावर उभी राहिली, लांब बाह्यांतून हात वर काढले आणि जोरात म्हणाली,

"शालन गणपती चौगुले!"

पुढची चार डोकी वळली. दारात तिकिटं फाडत असलेल्या कंडक्टरनंही मागं बघितलं.

"कोण हाय ते?" त्यानं विचारलं.

"मी," शालूबाई म्हणाल्या.