वरच्या नावाखालची रेघ

धारवाडीच्या कुसाबाईला सालं कळत नसत, पण निवडणुका कळत. शाळेच्या भिंतीवर बैलजोडी होती तेव्हा तिचं लग्न झालं. गाय-वासरू आलं तेव्हा नवरा गेला. मग खांद्यावर नांगर घेतलेला शेतकरी आला, त्यानंतर नुसताच एक हात. जुन्या चित्रांवर नवा चुना बसे, पण चार पावसाळे झाले की खालची चित्रं पुन्हा वर येत. दुपारच्या डुलकीत कुसाबाईला दिसे, ती बैलजोडी भिंतीवरून उतरून घोटीच्या रस्त्याला लागली आहे, मागे गाय, मागे वासरू, आणि सगळ्यांच्या मागे पाठमोरा धोंडीराम. निवडून कोण आलं, हे मात्र तिला कधी सांगता आलं नाही. निवडून आलेल्यांना तरी धारवाडी कुठे आठवत होती!

धोंडीराम म्हणजे तिचा नवरा. बहात्तरच्या आमदारकीला मत देऊन, बोटावरची शाई वाळायच्या आत तो पिंपळगावला कांद्याच्या हमालीला निघाला. आखाजीच्या सणाला परत येतो म्हणाला. घरातला भात संपत आला होता, कुसाबाईचं डोकं फिरलेलं होतं. उंबऱ्यातून ती म्हणाली, "रिकाम्या हातानं येऊ नको. आलास तर दारात घेनार नाय." तो हसला आणि गेला. त्या साली पाऊसही आला नाही आणि धोंडीरामही आला नाही. कुणी म्हणालं सुरतेला दिसला, कुणी म्हणालं ट्रकवर क्लीनर झालाय. रावजी, तिचा चुलत दीर, दोनदा सगळं पिंपळगाव पालथं घालून हात हलवत परत आला. कुसाबाईच्या छातीत मात्र तिचंच वाक्य रुतून बसलं.

मतदारयादी दुरुस्त करायला तलाठी आला की विचारी, "बाई, तुमच्या नावाच्या वरचं हे मालकांचं नाव काटायचं का?" कुसाबाई नुसती मान हलवी. नाव राहू दे, एवढाच त्याचा अर्थ होता.

नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडानं घेतलं नव्हतं. मतदानाच्या दिवशी यादी घेऊन बसलेल्या साहेबानं विचारलं की ती पदर दातात धरी, आणि उमेदवाराचा माणूस म्हणून बाकावर बसलेला रावजी तिच्यासाठी ते सांगे. मग साहेब मोठ्यानं वाची, "कुसाबाई धोंडीराम भांगरे." तिचं मत कुणाला पडतं याची तिला फिकीर नव्हती. ते नाव चारचौघांत कुणीतरी मोठ्यानं घेतं, ते ऐकायला ती जाई.

ऐंशीच्या उन्हाळ्यात आमदारकीला ती अशीच गेली. शाळेच्या खोलीत उकाड्यानं माणसं पेंगुळली होती. साहेबाचं बोट यादीवरून खाली आलं आणि थांबलं. "वरच्यांचं झालंय," तो सहज म्हणाला.

"कुनाचं झालं?"

"तुमच्या मालकांचं. सकाळीच देऊन गेले."

धोंडीरामच्या नावाखाली तांबडी रेघ होती. कुसाबाईला अक्षर कळत नव्हतं, पण रेघ कळली. शिक्का कुठे मारला, कागद पेटीत टाकला की नाही, तिला काही आठवलं नाही. ती बाहेर पळाली. रस्ता पांढराफटक पडला होता, करवंदीच्या जाळ्यांवर ऊन हलत होतं, आणि घोटीकडे जाणारा एकेक माणूस तिला पाठीवरून तोच वाटला. वाडीतलं कुणीच तिच्याशी नजर भिडवीना. झुंबर ठेकेदारानं सकाळी जीपभरून बाहेरची पोरं आणली होती आणि मेलेल्यांची, परगावी गेलेल्यांची मतं उरकून टाकली होती, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रावजीही समोरच होता. पण तिचा चेहरा बघून त्याची जीभ रेटली नाही. गावच्या गाव असं भित्रं निघतं कधीकधी, आणि वर त्यालाच माया म्हणतं.

कुसाबाईनं आपल्यापुरता उलगडा केला. तो आला होता. हात रिकामे होते, म्हणून दारात आला नाही. तिनंच तसं बजावलं होतं ना! पुढच्या खेपेला त्याला शाळेतच गाठायचं आणि सांगायचं, ये, रिकाम्या हातानं ये. त्या आशेवर ती तरुण दिसायला लागली. भाताच्या आवणीच्या चिखलात उभ्या उभ्या ती गालात हसे. रात्री निजताना दाराला कडी घालीत नसे.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात दिल्लीचं मतदान झालं. ती दिवसभर शाळेपुढे बसली. कुणी आलं नाही. तिनं मनाची समजूत घातली, की दिल्लीशी त्याचं कधी देणंघेणं नव्हतंच. तो आमदारकीवाला माणूस.

आमदारकी तीन महिन्यांनी आली. भाताच्या रोपांसाठी शेतांत पालापाचोळ्याचा राब भाजायचे दिवस होते, सगळ्या शिवारावर निळसर धूर तरंगत होता. शाळेच्या दाराशी, करंजाच्या सावलीत कुसाबाई भाकरी बांधून सकाळीच येऊन बसली. धुरातून माणसं येत, जवळ आली की ओळखीची होत. ऊन चढलं. तिचे डोळे जडावले. आणि आतून साहेबाचा आवाज आला, "धोंडीराम लक्ष्मण भांगरे!"

"हां, मीच," कुणीतरी म्हणालं.

ती उठली. दारातून तिला पाठ दिसली, पांढरी टोपी दिसली. तीच ठेवण, तोच जरा वाकलेला डावा खांदा. "आलास व्हय," ती पुटपुटली. माणूस वळला. पंचविशीचा तरणा गडी होता, ओठावर कोवळी मिशी, आणि दारामागे उभ्या झुंबरकडे बघून तो डोळे मिचकावत होता.

गेल्या खेपेचंही तिला एका क्षणात कळलं. पाच वर्षं तिनं कडी उघडी ठेवली होती ती अशाच कुणासाठी.

"सायेब," कुसाबाई म्हणाली. "ह्यो धोंडीराम लक्ष्मण भांगरे नाय."

तिच्या तोंडून ते नाव आजवर कुणी ऐकलं नव्हतं. रावजीनं मान खाली घातली. तरणा गडी खिडकीकडे सरकला, झुंबर तर केव्हाच गायब झाला होता.

"मग खरे धोंडीराम कुठे आहेत?" साहेबानं विचारलं.

"त्ये असते तर मी हितं कशाला बसले असते, सायेब?" डोळे पुसून ती रावजीकडे वळली. "भावजी, तलाठ्याला सांगा. वरचं नाव काट म्हनावं."

"वहिनी..." रावजी म्हणाला.

साहेब शहरातला, पण बरा माणूस होता. त्यानं तिला पाणी दिलं आणि हळूच म्हणाला, "बाई, तुमचं मत राहिलंय. नाव सांगा." सवयीनं रावजीनं तोंड उघडलं, पण तिनं हातानंच त्याला थांबवलं.

"कुसाबाई धोंडीराम भांगरे," ती म्हणाली. मग जरा घुटमळली. "सायेब, ह्यातलं मधलं पन काटावं लागतं का वो?"

"नाही. ते तुमचं आहे. ते कोण काटणार?"

"मग ठीक हाय," कुसाबाई म्हणाली, आणि शाईसाठी बोट पुढे केलं.