कवडूच्या हातच्या घड्या

मी एक जुनी लोखंडी पेटी आहे. मित्रांनो, माझा काळा रंग आता पोपडे धरून निघतो, एक कडी तुटली आहे आणि झाकण लावताना मी कण्हते. तरी माझ्याजवळ सांगण्यासारखं आहे. ऐकताना भीती वाटली तर वाटू द्या. मलाही वाटली होती.

माझा जन्म कामठीला, छावणीबाहेरच्या एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. वर्ध्याजवळच्या केळझरचा कवडू नुकताच फौजेत भरती झाला होता. त्यानं मला विकत घेतलं आणि झाकणावर पांढऱ्या रंगात आपलं नाव घालून घेतलं. तो सुट्टीवर आला की सारी वस्ती मला पाहायला जमे. त्याचा धाकटा भाऊ हरिदास माझ्यावर बसून घोडा घोडा खेळे. ते माझे मानाचे दिवस होते.

मग दुसऱ्या महायुद्धात कवडूच्या पलटणीला मुंबईहून बोटीनं पश्चिमेकडे धाडलं. जास्तीचं सामान डेपोत ठेवायचा हुकूम होता, म्हणून मी मागं राहिले. ती बोट अरबी समुद्रात बुडाली. काही महिन्यांनी एक शिपाई मला केळझरला पोचवून गेला. कवडूचं दुसरं काहीच घरी आलं नाही. त्याची आई धुरपताबाई हिनं माझ्यावरून हात फिरवला आणि मला कोपऱ्यात सरकवलं. पुढं बारा-तेरा वर्षं माझ्यात फाटक्या गोधड्या पडून होत्या. माझ्या बिजागऱ्यांना कोणी तेलही दिलं नाही.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात हरिदासनं वर्ध्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राचं शिक्षण पुरं केलं. विलायतेतल्या एका विद्यापीठानं त्याला पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. त्याच सुमारास एका नव्या कारखान्याचे साहेब नोकरीसाठी मुलं निवडायला कॉलेजात येणार असं कळलं. ज्याला नोकरी हवी त्यानं वसतिगृहातच मुक्काम ठेवावा, साहेब आले की हजर व्हावं, असा निरोप होता. आणि मुंबईची बोट नेमकी त्याच आठवड्यात सुटणार होती.

"वसतिगृहात जाऊन राह्य," त्याचा बाप रामाजी म्हणाला. तो कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये कामाला होता. "तुले नोकरी लागली का माहं जिनिंग सुटते. छातीत कापूस बसला हाय बाबू."

"बा, नोकरी मंग बी भेटीन. हे शिकणं पुन्हा नाई भेटणार."

धुरपताबाईचा एक मुलगा पाण्यानं नेला होता. तिनं माझ्यातल्या गोधड्या काढल्या आणि मला आतून पुसलं. हरिदासनं विलायतेचे कपडे कसेबसे माझ्यात कोंबले.

मित्रांनो, मे महिन्यातली केळझरची दुपार तुम्ही पाहिली नसेल. रस्त्यावर कुत्रंही नसतं. झळांमध्ये टेकडीवरचं देऊळ पाण्यातल्यासारखं हलतं. अशा दुपारी घर झोपलं होतं. माझं झाकण बंद होतं, कडी हलली नव्हती, आणि माझ्या आत दोन हात चालू लागले.

गार, ओले हात. ते एकेक सदरा उचलत, बाह्या आत घेत, अंगठ्यानं शिवण दाबत आणि घडी करून ठेवत. मला ओरडावंसं वाटलं. पण पत्र्याला ओरडता येत नाही. तापला की फक्त टण् वाजता येतं. तेवढी मी वाजले.

संध्याकाळी हरिदासनं झाकण उघडलं. सारे कपडे विटांसारखे चौकोनी रचलेले होते. हाताला ओलसर लागत होते.

धुरपताबाईनं घडीच्या कडेवरून बोट फिरवलं. "ह्या कवडूच्या घड्या हायेत. फौजेतून आला का अश्याच करे."

"तूच केलं असशीन," रामाजी चिडला. "मागच्या दसऱ्याले नागपुरात दीक्षा घेतली आपण. भूतखेत मानत नाई आता."

त्यानं स्वतः सारे कपडे विस्कटून माझ्यात टाकले, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधली. दुसऱ्या दुपारी ते हात पुन्हा आले. संध्याकाळी रामाजीनं कुलूप उघडलं, तर आत पुन्हा तशाच घड्या. वरचा सदरा उचलून त्यानं बराच वेळ छातीशी धरला. नंतर तो कोणावरही चिडला नाही.

हरिदास मात्र हादरला. "दादा मले जाऊ नको म्हणून राह्यला," तो म्हणाला. विलायतेचे कपडे त्यानं काढून ठेवले, मुलाखतीचे भरले, मला बसच्या टपावर टाकलं आणि वर्ध्याला वसतिगृहात आला.

सुट्टीमुळं वसतिगृह ओस पडलं होतं. साहेबांची वाट पाहणारी थोडी मुलं तेवढी होती. त्याच्या खोलीत नत्थू नावाचा मित्र होता. दुपारी दोघंही डोळे मिटून पडले, आणि ते हात इथंही आले. नत्थूनं टॉवेल घ्यायला मला उघडलं.

"अबे हरिदास, हे ओलं काऊन हाय? अन् तू कवापासून अश्या घड्या करून राह्यला?"

हरिदास झटकन उठून बसला. "इथं बी?" एवढंच तो बोलला. साहेब दुसऱ्या दिवशी यायचे होते. तो मला उचलून मिळेल त्या बसनं केळझरला परतला.

"माय, जायाले निघालो तरी घड्या, राह्यलो तरी घड्या. त्याले पायजे तरी काय?"

धुरपताबाईनं घड्यांवर तळवा ठेवला. "तो जाय बी म्हणत नाई, राह्य बी म्हणत नाई. तू जिकडं निघशीन तिकडं यायची तयारी करून राह्यला तो."

हरिदास हळूच म्हणाला, "मी जातो, बा. मले शिकायचं हाय."

रामाजीला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो म्हणाला, "दोन वर्सं जिनिंग निभीन माह्यानं. जाजो. अन् ह्याले बी घेऊन जाय. लई दिवस झाले, कोपऱ्यात बसला हाय."

अशी मी बोटीवर चढले. मुंबई मागं पडून काही दिवस झाले होते. दुपारची वेळ होती. केबिनमधले बाकी लोक बाहेर डेकवर गेले होते. हरिदास एकटाच बसला होता. माझ्या आत हात आले. त्यांनी सारे कपडे शेवटपर्यंत नीट लावले. मग, मित्रांनो, माझं झाकण आतून उचललं गेलं.

हरिदास उभा राहिला. "दादा, तुह्या बोटीची जागा आली का?"

फरशीवर ओली पावलं उमटत दाराबाहेर गेली आणि तिथल्या उन्हात वाळली. ती पुरती वाळेपर्यंत हरिदास पाहत राहिला. नंतर त्यानं आवाज होऊ न देता मला मिटलं. त्या दिवसापासून मी हलकी झाले.

दोन वर्षांनी आम्ही परत आलो. हरिदासला नागपूरला प्रयोगशाळेत काम मिळालं आणि रामाजीनं जिनिंग सोडलं. खोकला मात्र त्याला सोडून गेला नाही. परतलो त्या दिवशी केळझरला बस थांबली तेव्हा धुरपताबाई रस्त्यावर उभी होती. हरिदास उतरला, टपावरून मला उतरवलं. ती त्याच्या मागं, बसच्या रिकाम्या दाराकडं पाहत होती.

"एकलाच आला?"

"हो, माय."

"तो कुठं उतरला?"

"पाण्यावरच. भर दुपारी."

"भेला होता का?"

"नाई, माय. मीच भेलो होतो."

तिनं पदरानं माझ्यावरची रस्त्याची धूळ पुसली आणि एका बाजूनं मला स्वतः धरून घरात नेलं.

मित्रांनो, मोडक्या पेट्या भंगारात काढायची तुम्हाला घाई असते. पण तुमच्या घरून कोणी दूर निघालं, तर एखादी जुनी पेटी पुसून त्याला द्या, आणि भरताना आत थोडी जागा मोकळी राहू द्या. निघणारे सगळेच आपल्याला दिसतात असं नाही.