वळवलेला दिवा

संशोधन करणाऱ्या शहाबानो खालाच्या, म्हणजे मावशीच्या, हाताखाली काम करायला मिळणार म्हणून नववीतली अल्फिया सकाळपासून हवेत होती. पनवेलच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत दहा दिवसांचं उंदराचं पिल्लू बेशुद्ध करून ठेवलं होतं. डोक्याला टेकवलेल्या बारीक वायरीतून त्याच्या मेंदूतल्या रक्ताचा वेग यंत्रावर दिसे. दर मिनिटाला तो आकडा अल्फियाने वहीत उतरवायचा होता.

खालाने रक्ताचा वेग कमी करणारं नवं औषध टोचलं. आकडा ऐंशीवरून सत्तरवर आला, मग अठ्ठावन्नवर.

"औषध लागू पडलं," खाला पुटपुटली. तीन महिने ती याचीच वाट बघत होती. "लिही, लिही."

अल्फियाचं पेन अडलं. अक्षर दिसेना म्हणून तिने मघाशी टेबलावरचा दिवा वहीकडे वळवला होता. तो तर पिल्लाला ऊब द्यायला ठेवलेला.

"खाला, दिवा मी फिरवलाय. पिल्लू गारठलंय, म्हणून आकडा उतरतोय."

खालाने पिल्लाच्या पोटाला बोट लावलं. तिचा चेहरा उतरला. "आणि हे आत्ता सांगतेस?"

अल्फियाने दिवा परत पिल्लावर वळवला. दोघी यंत्राकडे बघत बसल्या. आकडा बराच वेळ हललाच नाही. मग एकसष्ट झाला. मग सदुसष्ट.

"जगेल," खाला म्हणाली. "माझं औषध मात्र गेलं पाण्यात. पान खोड आणि कारण लिही."

अल्फियाने पानभर रेघ मारली आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'दिवा अल्फियाने वळवला.'

"उद्या येताना टॉर्च आण," खाला म्हणाली.