बारावी सभासद

"कंपनी तयार आहे" असं राज्याच्या कचेरीतल्या वर्ना स्टिडमने एकदा लिहून दिलं होतं. त्याला सहा वर्षं झाली. तिच्या सहीनंतर चार डोंगरी तालुक्यांतली गरीब माणसं सरकारी आरोग्य विम्याच्या जुन्या कार्डावरून एका खासगी कंपनीच्या कार्डावर गेली, आणि पाचव्या दिवशी तिची ओपल मावशी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्या जागी गेली. मावशीला चोवीस तास ऑक्सिजन लागायचा. कंपनीच्या यादीत पाइन फोर्कच्या दुकानाचं नाव होतं, सिलिंडर तिथून येणार होते. दुकान दोन महिने आधीच बंद पडलेलं. वर्नाने यादीतलं नाव पाहून खूण केली होती, फोन लावून पाहिला नव्हता.

मावशीची एक रीत होती. सिलिंडर रिकामा झाला की जुन्या फुलाफुलांच्या एप्रनची पट्टी फाडून ती त्याच्या गळ्याला बांधायची, म्हणजे कोणता न्यायचा हे गाडीवाल्याला विचारावं लागू नये. त्या दिवशी वर्ना घरात शिरली तेव्हा चारही सिलिंडरांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. चौथ्याची गाठ सैल होती. बोटांत तेवढी ताकद उरली नसावी.

ती कंपनी गाशा गुंडाळून गेली, माणसं जुन्या कार्डावर परत आली. आता दुसरी आली होती. एक जुलैला अठरा हजार माणसं तिच्या हवाली करायची होती, आणि त्याआधी तिची तयारी तपासायला राज्याच्या कचेरीने पुन्हा वर्नालाच पाठवलं. तिने 'तयार नाही' असं लिहिलं तर तारीख पुढे जाणार होती. 'तयार' लिहिलं तर कुणी तिला परत विचारणार नव्हतं.

अशा तपासणीत काही खोटे सभासद तयार करून कंपनीकडे पाठवतात. नाव, जन्मतारीख, पत्ता, आजार. ते नीट नोंदले जातात का, त्यांचं कार्ड निघतं का, त्यांच्या नावाने फोन केला तर धड उत्तर मिळतं का, ते पाहायचं. वर्ना ही नावं कबरींवरून घ्यायची. तिच्या गावी मे महिन्यात अख्खं कुळ टेकडीवरच्या दफनभूमीत जमतं, गवत उपटतं, कागदी फुलं ठेवतं आणि तिथेच कबरींच्या मध्ये चादरी अंथरून जेवतं. जेवणं उरकली की वर्ना वही काढायची. मेलेल्याचं नाव घेतलं म्हणजे जिवंत माणसाच्या कागदांत घोटाळा होत नाही, असं तिचं म्हणणं. कचेरीत याची थट्टा चालायची. तिचा कामातला जोडीदार ड्वेन हॉलकॉम म्हणायचा, "मिस वर्ना, मी मेलो की माझं नाव दातांच्या विम्यात घाला. जिवंतपणी तर काही मिळत नाही."

या वर्षी अकरा नावं झाली आणि तिने बारावं लिहिलं. ओपल स्टिडम. पत्ता बकआय ओढ्याच्या टोकाचा, सहा वर्षं बंद असलेल्या घराचा. फोन मावशीचाच, केव्हाच तोडलेला. आजारही तोच. का लिहिलं ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

कंपनीची कचेरी कोरी करकरीत होती. खुर्च्यांवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. तिथली मुख्य बाई, पेज लिंडक्विस्ट, हसतमुख आणि कामात चोख. दोन दिवस कागद तपासून झाले, एकातही खोट निघाली नाही. डॉक्टरांच्या आणि दुकानांच्या यादीतला दर दहावा फोन ड्वेनने लावून पाहिला होता. सगळीकडे कुणी ना कुणी उचलला. दुसऱ्या दिवशी दुपारी सही तेवढी राहिली होती.

खोट्या सभासदांच्या नोंदी पडद्यावर उघडत पेज म्हणाली की बाकीचे अकरा सोपे गेले, पण बाराव्या बाईने त्यांची चांगलीच परीक्षा घेतली.

वर्नाने विचारलं, परीक्षा कसली? पेजने पडदा तिच्याकडे वळवला. ओपल स्टिडमच्या नावाखाली तीन दिवसांच्या तीन नोंदी होत्या, अक्षरन् अक्षर सारख्या. सभासद विचारते, सिलिंडर कधी येणार. पाइन फोर्कचं दुकान चार तासांत पोचवेल असं सांगितलं. तक्रार मिटली.

वर्नाने ड्वेनकडे पाहिलं. त्याने मान हलवली. खोट्या सभासदांच्या नावाने त्याने सहाच फोन केले होते, तेही दात आणि चष्म्यांबद्दल. ओपलच्या नावाने फोन करायचं दोघांपैकी कुणीच ठरवलं नव्हतं.

फोन घेणारी रोशेल पलीकडेच बसली होती. तिला वाटलं, सरकारी माणसं साळसूदपणाचा आव आणताहेत. "काय आजीबाई आणल्या होत्या हो तुम्ही," ती म्हणाली. "तो श्वास ऐकून मलाच धाप लागली. सरकारी नोकरीत वाया चालल्यात, नाटकात घाला त्यांना."

वर्नाने संभाषण ऐकवायला सांगितलं. आधी काहीच नव्हतं, नुसती नळीतून हवा सरकावी तशी सळसळ, थांबून थांबून. मग आवाज आला.

"पोरी, शेवटचा लावलाय. वर कुणी आलंच नाही."

आवाजामागे पाणी ठिबकत होतं. मावशीच्या स्वयंपाकघरातला नळ जन्मभर ठिबकला. ती खाली कॉफीचा रिकामा डबा ठेवायची. पत्र्यावर पडणारा थेंबन् थेंब ऐकू येत होता. रोशेलने गोड आवाजात चार तासांचं उत्तर दिलं. बाई म्हणाली, "बरं बाळा, मी थांबते," आणि फोन ठेवला.

पेजने विचारलं, उत्तर नियमाप्रमाणे बरोबर आहे ना? वर्नाने उलट विचारलं, पाइन फोर्कला कुणी फोन लावून पाहिलाय का? पेज थोडी घुटमळली. ते पान आधीच्या कंपनीच्या यादीवरून घेतलं होतं, जसंच्या तसं. ड्वेनने तिथेच नंबर फिरवला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं यंत्राने सांगितलं. त्याने यादीवर बोट ठेवून ओळी मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"दर दहावा लावला होता मी," तो म्हणाला. "हा नववा आहे."

तेवढ्यात रोशेलच्या टेबलावरचा फोन वाजला. पडद्यावर नंबर उमटला आणि रोशेल म्हणाली, "घ्या, परत त्याच." मग तिने समोर पाहिलं. परीक्षा घेणारे दोघंही तिच्या पुढ्यातच उभे होते. तिने कानावरचं यंत्र हळूच काढून टेबलावर ठेवलं आणि खुर्ची मागे सरकवली.

वर्नाने ते उचलून कानाला लावलं. सळसळ. डब्यात थेंब. तिच्या समोर चौकटीत लावलेला उत्तराचा कागद होता, चार तासांचा.

"मावशी," ती म्हणाली.

"वर्ना? तू आहेस होय. मग काळजी नाही. तू बघितलंस ना सगळं नीट?"

सहा वर्षांपूर्वीही मावशीने फोनवर हेच विचारलं होतं, याच शब्दांत. तेव्हा वर्नाने हो म्हटलं होतं.

"नाही मावशी. मी बघितलं नव्हतं."

"मग बघ की, पोरी."

त्यात राग नव्हता. चुलीवरचं दूध बघ, अशा सुरात म्हटलेलं. सळसळ लांबत गेली, थांबली. त्यानंतर कितीतरी वेळ नुसता नळ ठिबकत होता. वर्नाने फोन ठेवला नाही, पलीकडूनच बंद झाला.

त्याच दुपारी ती आणि ड्वेन गाडी घेऊन पाइन फोर्कला गेले. दुकानाच्या काचेवर अजून सिलिंडरचं चित्र होतं आणि फुटलेल्या फरशीतून आत कमरेएवढं झाड उगवलं होतं. ड्वेनने फोटो काढले. येताजाता त्याने एकही विनोद केला नाही. वर्नाने अहवालात 'तयार नाही' लिहिलं. वरच्या साहेबांनी फोनवर आकांततांडव केलं, अठरा हजार पत्रं टपालात पडलीत म्हणाले, कशाच्या आधारावर म्हणाले. आधार काय द्यायचा हा प्रश्नच होता. तिने झाडाचा फोटो पाठवला. चार तालुक्यांची तारीख पुढे गेली.

सप्टेंबरात कंपनीने ऑक्सिजनचा नवा पुरवठादार आणला. वर्नाने अट घातली की ऑक्सिजन लागणाऱ्या प्रत्येक घरी दोन आठवडे गाडी प्रत्यक्ष गेली पाहिजे, मगच सही. अशी घरं एकेचाळीस होती. खोटे सभासद काढून टाका असं कंपनीने कळवलं, तेव्हा तिने काढायची यादी पाठवली. तीत अकरा नावं होती. ड्वेनने यादी वाचली, तिच्याकडे पाहिलं आणि पुढे सरकवली.

दोन आठवड्यांनी गाडीवाल्याचा, क्लेल रॅटलिफचा, फोन आला. बेचाळीसही घरं झाली म्हणाला. बकआय ओढ्याची चढण वाईट आहे, पण गाडी वर जाते. पहिल्या खेपेला दार कुणी उघडलं नाही, म्हणून दोन सिलिंडर ओट्यावर ठेवून आला होता. काल गेला तर दोन्ही रिकामे, पायरीवर ओळीने उभे.

"आणि ते फडकं बांधायचं त्यांनी बरं काढलंय," तो म्हणाला. "फुलाफुलांचं. दुरूनच कळतं रिकामा कुठला. सगळ्यांनी असं केलं तर आमचा केवढा वेळ वाचेल."

अहवाल वर्नाच्या समोरच पडला होता. तिने विचारलं, "गाठ कशी होती?"

"गाठ?" क्लेल हसला. "घट्ट हो. चाकूने कापावी लागली. का?"

"काही नाही."

"मग पुढच्या मंगळवारी तिथे किती ठेवू?"

"दोन," वर्ना म्हणाली, आणि सही करायला तिने पेन उचललं.