उंबऱ्यावर अडलेलं पाऊल

कुंडल गावच्या आकाराम लाडांचे पाय घरात का चिकटतात आणि देवळात का सुटतात, यावरून त्या घरात बरेच दिवस धुसफूस चालली होती.

सकाळी न्हाणीकडे निघालेले आकारामआबा उंबऱ्याशी आले की उभेच राहायचे. पाऊल उचलू म्हणता उचलायचं नाही, जणू कुणी तळवे भुईला शिवून टाकलेत. सून दीपमाला चुलीवरचं दूध सोडून हात द्यायला धावायची. आणि हेच आबा एकादशीच्या कीर्तनात टाळकऱ्यांच्या ओळीत उभे राहिले, मृदंगावर थाप पडली, की अशी पावली टाकायचे की बघणाऱ्याचं मन भरून यावं!

मुलगा वीरधवल नुकताच फौजेतून सुभेदार होऊन परतला होता. बापाची देवळातली पावली त्यानं पाहिली आणि त्याचं माथं भडकलं.

"आबा, देवळात नाचाय बरं जमतंय. घरातच कसं पाय धरत्यात? हे सोंग बंद. कीर्तनबी बंद."

आबांनी टाळ खुंटीला टांगले. आपल्यालाच जे उमगत नाही, ते दुसऱ्याला काय सांगणार? त्या दिवसापासून देवळातला गजर कानावर आला की ते खाटेवर बसून नुसता अंगठा हलवायचे. हळूहळू आवाज बारीक झाला, चेहऱ्यावरचं हसूही आटलं. शेवटी दीपमालाच नवऱ्यापुढं उभी राहिली.

"सोंग करणारं माणूस भूक लागल्यावर घास सांडंल व्हय? हात बघा त्यांचा, कसा कापतोय. सांगलीला दाखवू या."

सांगलीत मेंदूच्या डॉक्टर ब्राह्मी पाटील यांच्यापुढं वीरधवलनं सारी हकिकत तक्रार नोंदवावी तशी सांगितली. डॉक्टरबाईंनी आबांची मनगटं वळवून पाहिली, बोटं उघडमीट करायला लावली. मग दारापर्यंत चालायला सांगितलं. दाराशी पाय अडलेच. त्या वीरधवलला म्हणाल्या, "आता तुम्ही टाळ्या वाजवा, एका लयीत."

वीरधवलला अभंगाचा ठेका कुठला येतोय! तो टाळ्या देत कवायतीचंच ओरडला, "बाएँ, दाएँ, बाएँ!"

आणि पाय सुटले! आबा दार ओलांडून थेट बाहेरच्या बाकांपर्यंत गेले. बसलेले पेशंट बघतच राहिले.

"हा पार्किन्सनचा आजार आहे," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "हालचालीला चालना देणारं एक रसायन मेंदूतल्या काही पेशी बनवतात. त्या झिजल्या की आपणहून पाऊल उचलायची वाट अडते. बाहेरनं लय मिळाली तर मेंदू दुसऱ्या वाटेनं काम काढतो. संशोधकांनी अशा रुग्णांना ठोक्यावर चालवून हे पडताळलंय. तुम्ही ज्याला सोंग म्हणालात, ते आजाराचंच लक्षण हो."

दीपमालानं विचारलं, बरं होईल का? गोळ्यांनी त्या रसायनाची उणीव बरीच भरून निघेल, डॉक्टरबाई म्हणाल्या. आजार मुळातून काढणारं औषध अजून नाही, शोध जोरात चालू आहे. लयीसाठी कीर्तनच लागतं असंही नाही, यंत्राच्या टिकटिकीवरही कित्येकांचे पाय सुटतात.

"टिकटिकीवर चालीन की," आबा बारीक आवाजात म्हणाले, "पण गोडी न्हाई यायची, बाई."

डॉक्टरबाई हसल्या. "मग गोळी वेळेवर घ्या, आणि कीर्तन चुकवू नका."

वीरधवलनं मान खाली घातली. "आबा, चुकलं माझं," तो म्हणाला. आबांनी आपला कापरा हात त्याच्या पाठीवर ठेवला.

पुढच्या एकादशीला टाळकऱ्यांच्या ओळीत बाप-लेक शेजारी उभे होते. गजर रंगात आला आणि आबा लेकाकडं झुकले.

"ताल चुकतोय रं तुझा. माझ्या पायाकडं बघ."

मंडळी, मेंदूचं दुखणं वरून दिसत नाही, म्हणून आपण त्याला आळस म्हणतो, सोंग म्हणतो, कधी बाहेरची बाधा म्हणतो. आपल्या माणसाचं वागणं कळेनासं झालं, तर त्याला बोल लावण्याआधी त्याचा हात धरून डॉक्टरकडं नेऊ या. देवानं दिलेल्या बुद्धीनं माणसं मेंदूचा शोध घेत आहेत. त्या शोधाचा उजेड आपल्या उंबऱ्याच्या आत घेणं, हीसुद्धा देवाचीच सेवा!